ताऱ्यांच्या यादीत नवे रेस्टॉरंट कुठे असते?

जवळपास जेवणासाठी नवी, चांगली जागा कोणती, हा प्रश्न आज बहुतेक लोक ओळखीच्या माणसाआधी फोनला विचारतात. फोन एक यादी पुढे करतो. नावांशेजारी तारे असतात, ताऱ्यांशेजारी अभिप्रायांची संख्या असते, आणि वरच्या चार-पाच नावांतले एखादे निवडून माणूस निघतो. या व्यवहारात विचारलेला प्रश्न आणि मिळालेले उत्तर यांचा मेळ बसलेला नसतो, हे सहसा ध्यानात येत नाही. विचारलेले असते ‘नवे आणि चांगले’. यादीत वर दिसते ती बरीच वर्षे चालू असलेली, पुष्कळांनी गुण दिलेली आणि कधीकधी वरच्या स्थानासाठी पैसे मोजलेली जागा. अभिप्रायांची संकेतस्थळे वाईट जागा टाळायला उपयोगी पडतात, हे मला मान्य आहे. पण नव्या जागा शोधून देण्यासाठी त्यांची रचनाच अपुरी आहे, केवळ खोटे अभिप्राय हटवून हा अपुरेपणा जाणार नाही, आणि तो दूर करण्याची जबाबदारी क्रमवारी लावणाऱ्यांनी उचलली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

या संकेतस्थळांचे श्रेय मात्र आधी त्यांच्या पदरात टाकले पाहिजे, कारण ते लहान नाही. त्यांच्या पूर्वी चांगले-वाईट ठरवण्याचा अधिकार मोजक्या लोकांच्या हाती होता. मिशेलिन या फ्रान्समधील टायर कंपनीने १९०० साली मोटारचालकांसाठी मार्गदर्शिका काढली, १९२६ मध्ये उत्तम जेवणासाठी तारा द्यायला सुरुवात केली आणि १९३१ मध्ये दोन व तीन ताऱ्यांच्या वरच्या पायऱ्या आणल्या. तिचे निरीक्षक नाव न सांगता जेवून जात, स्वतःचे बिल स्वतः भरत, आणि त्यांच्या निर्णयाला वजन होते. पण निरीक्षक जिथे पोहोचणार नाहीत तिथल्या जागांना या पुस्तकात प्रवेश नव्हता. १९७९ मध्ये टिम आणि नीना झगाट या न्यूयॉर्कच्या दांपत्याने ओळखीच्या लोकांकडून मते गोळा करून त्यांचे पत्रक काढले, आणि जेवणाऱ्यांनीच जागांना गुण द्यावेत ही कल्पना रुजली. २००४ मध्ये येल्प हे अमेरिकेतील अभिप्रायांचे संकेतस्थळ सुरू झाल्यावर मत देण्यासाठी ओळखीचीही गरज उरली नाही.

याचा लाभ कोणाला झाला, याचे एक चांगले उत्तर उपलब्ध आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी सिॲटलमधील रेस्टॉरंटांची करविभागाकडील उत्पन्नाची आकडेवारी येल्पच्या मानांकनाशी ताडून पाहिली. २०११ साली मांडलेल्या या अभ्यासात मानांकन एका ताऱ्याने वाढले की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे दिसले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हा परिणाम स्वतंत्र मालकीच्या जागांवर होता. एकाच नावाने अनेक शाखा चालवणाऱ्या साखळी रेस्टॉरंटांवर तो आढळला नाही, उलट येल्पचा प्रसार जिथे वाढला तिथे साखळ्यांचा बाजारातील वाटा घटला. याचे कारण समजण्यासारखे आहे. विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, अशा बाजारात चांगला माल मागे पडतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्येच दाखवून दिले होते. अनोळखी ठिकाणी साखळीचे नाव हीच खात्री असते. लहान मालकाकडे तसे नाव नसते. अभिप्रायांनी ती उणीव भरून काढली. ज्याच्याकडे जाहिरातीचे पैसे नाहीत त्याची ख्याती परक्या माणसापर्यंत पोहोचू शकली, ही लोकशाही वृत्तीची गोष्ट आहे आणि तिचा अव्हेर करण्याचे कारण नाही.

परंतु जे साधन इतके प्रभावी ठरते त्याच्या लहानशा चुकाही मोठ्या होतात. येल्पवर सरासरी जवळच्या अर्ध्या ताऱ्यापर्यंत पूर्ण करून दाखवली जात असे, त्यामुळे ३.२४ सरासरीच्या जागेपुढे तीन तारे आणि ३.२६ सरासरीच्या जागेपुढे साडेतीन तारे दिसत. दोन्ही जागांच्या जेवणात फरक असण्याचे कारण नाही, फरक होता तो पडद्यावर. मायकेल अँडरसन आणि जेरेमी मॅग्रुडर या अर्थशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्कोतील रेस्टॉरंटांच्या बाबतीत याच सीमारेषेचा उपयोग करून २०१२ मध्ये दाखवले की अर्धा तारा जास्त दिसला की त्या जागेची टेबले पूर्ण आरक्षित होण्याचे प्रमाण १९ टक्के-बिंदूंनी वाढते, आणि जिच्याविषयी माहितीचे दुसरे साधन नाही अशा जागेच्या बाबतीत हा परिणाम अधिक असतो. दुसरे साधन नसलेली जागा म्हणजे बहुधा नवी जागा. जुनीचे नाव झालेले असते, तिच्याविषयी वर्तमानपत्रात कधीतरी छापून आलेले असते, शेजारीपाजारी तिची चर्चा असते. नवीचे सगळे नशीब त्या अर्ध्या ताऱ्यावर लटकते.

मूळ अडचण येथूनच सुरू होते आणि ती गणिताची आहे. समजा, एका नव्या जागेला सहा अभिप्राय मिळाले आहेत आणि सहाही जणांनी पाचपैकी पाच गुण दिले आहेत. शेजारच्या जुन्या जागेला बाराशे अभिप्राय आहेत आणि सरासरी ४.३ आहे. यादीत वर कोणाला ठेवायचे? निव्वळ सरासरी पाहिली तर नवी जागा वर जाते. पण सहा अभिप्राय मालकाच्या नातेवाइकांचेही असू शकतात, आणि असा नियम ठेवला तर दर आठवड्याला कोणीतरी सहा नातेवाईक गोळा करील. म्हणून शहाणी पद्धत अशी की अभिप्राय थोडे असतील तेव्हा त्या जागेचे गुण सर्व जागांच्या सर्वसाधारण सरासरीकडे ओढून घ्यायचे. सर्वसाधारण सरासरी ३.८ धरली आणि तिला पन्नास अभिप्रायांइतके वजन दिले, तर नव्या जागेचे ५ गुण ३.९३ वर येतात आणि जुन्या जागेचे ४.३ जेमतेम ४.२८ होतात. नवी जागा खाली गेली. यात कोणी लबाडी केलेली नाही. पुरावा कमी असताना सावध राहणे हे संख्याशास्त्राला धरूनच आहे. पण खाली गेलेली जागा दिसत नाही, न दिसल्याने गिऱ्हाईक येत नाही, गिऱ्हाईक न आल्याने अभिप्राय वाढत नाहीत, आणि अभिप्राय न वाढल्याने ती वर येत नाही. सावधगिरीचा नियम स्वतःच्या निर्णयाचा पुरावा स्वतःच तयार करत राहतो.

जे थोडे अभिप्राय सुरुवातीला मिळतात तेही एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांनी एका बातम्यांच्या संकेतस्थळावर प्रयोग करून २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाचकांच्या काही टिप्पण्यांना त्यांनी कोणताही निकष न लावता सुरुवातीलाच एक अनुकूल मत देऊन ठेवले. तेवढ्यावरून पुढच्या वाचकाने अनुकूल मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि अखेरचे एकूण गुण सरासरीने २५ टक्के जास्त भरले. प्रयोग रेस्टॉरंटांवरचा नव्हता, हे खरे. तरी पाच तारे पाहून आत गेलेला माणूस जेवण सुरू होण्याआधीच निम्मा प्रसन्न असतो, हे कोणी नाकारील असे वाटत नाही. हजारो अभिप्रायांच्या बेरजेला आपण ‘लोकांचा कौल’ म्हणतो; प्रत्यक्षात त्यातला बराच भाग पहिल्या काही लोकांच्या कौलाचा पडसाद असू शकतो.

त्यात भर अशी की तो एक आकडा कशाकशाची बेरीज आहे, हे सांगितलेले नसते. जेवणाची चव, वाढणाऱ्याचे वागणे, टेबलासाठीची ताटकळ, गोंगाट, गाडी उभी करायची सोय, घरपोच मागवलेले जेवण थंड पोहोचले याचा राग, हे सगळे त्याच पाच ताऱ्यांत कोंबलेले असते. रस्त्यावरच्या गर्दीमुळे उशिरा आलेल्या पार्सलाबद्दल दिलेला एक तारा आणि शिळ्या जेवणाबद्दल दिलेला एक तारा सरासरीत सारखाच मोजला जातो. शिवाय लिहिण्याचे कष्ट घेणारे लोक बहुतेक वेळा फार खूश किंवा फार नाराज असतात. ज्यांचे जेवण ठीकठाक झाले ते बिल भरून घरी जातात. ऑनलाइन अभिप्रायांत टोकाच्या गुणांची गर्दी आणि मधल्या गुणांची वाण असते, हे अभ्यासकांनी वारंवार नोंदवले आहे.

तेव्हा नव्या जागेच्या शोधात असलेल्याने काय करावे? माझा आग्रह आहे की त्याने आकड्यावर थांबू नये, मजकूर वाचावा, आणि तोही उलट्या क्रमाने वाचावा. पाच ताऱ्यांचे अभिप्राय बहुधा विशेषणांचे असतात आणि एक ताऱ्याचे अभिप्राय बहुधा भांडणाचे; उपयोगाचा तपशील तीन ताऱ्यांच्या माणसाकडे मिळतो, कारण काय आवडले आणि काय खटकले हे दोन्ही त्याला सांगावे लागते. जो लिहितो की पदार्थ चांगला होता पण तिखट फार होता, त्याने तिखट खाणाऱ्याला आमंत्रण दिले आणि न खाणाऱ्याला सावध केले; त्याच्या तीन ताऱ्यांना स्वतंत्र अर्थ उरला नाही. तारखा पाहाव्यात, कारण स्वयंपाकी बदलला, मालक बदलला, तरी जुन्या हाताने मिळवलेले गुण नव्या हाताच्या नावावर चालू राहतात, आणि चार वर्षांपूर्वीची कीर्ती आजच्या ताटात येत नाही. लिहिणाऱ्याने अन्यत्र काय लिहिले आहे तेही उघडून पाहावे. ज्याने आपल्या माहितीच्या दोन-तीन जागांबद्दल आपल्यासारखेच मत दिले आहे, अशा एका अनोळखी माणसाचा शब्द माझ्या मते शंभर ताऱ्यांच्या सरासरीहून भरवशाचा असतो. आणि ज्या जागेबद्दल लोकांत तीव्र मतभेद आहेत तिला लगेच बाद करू नये. सर्वांना थोडी थोडी आवडणारी जागा सरासरीत वर राहते. निम्म्यांना अतिशय आवडणारी आणि निम्म्यांना न झेपणारी जागा खाली जाते, आणि काहीतरी निराळे करू पाहणारा नवा स्वयंपाकी बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

मालकाने टीकेला दिलेले उत्तरही वाचण्यासारखे असते. शांतपणे चूक मान्य करणारा, वस्तुस्थिती सांगणारा किंवा गिऱ्हाइकावर तुटून पडणारा, या तिन्ही उत्तरांतून त्या जागेत आपल्याशी कसे वागले जाईल याचा जो अंदाज येतो तो गुणांतून येत नाही.

हे सगळे मान्य केले तरी कोणी म्हणेल की खरा रोग बनावट अभिप्रायांचा आहे, तो बरा केला की बाकीचे आपोआप सुधारेल. बनावटगिरी गंभीर आहे, यात वाद नाही. २०१७ मध्ये ऊबा बटलर या पत्रकाराने लंडनमधील स्वतःच्या घरामागच्या शेडला ‘द शेड ॲट डलिच’ असे नाव देऊन ट्रिपअॅडव्हायझर या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर रेस्टॉरंट म्हणून नोंदवले, मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेतले, आणि काही महिन्यांत प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेली ती जागा लंडनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेली. विचारणा करणाऱ्या प्रत्येकाला जागा शिल्लक नाही असे सांगितले जाई, आणि त्यामुळे मागणी आणखीच वाढे. याच्या नेमका उलटा प्रकार २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील बोट्टो बिस्ट्रो या रेस्टॉरंटाने केला होता: येल्पवर रागावलेल्या मालकांनी एक तारा देणाऱ्याला पिझ्झावर सवलत जाहीर केली आणि गिऱ्हाइकांनी आनंदाने वाईट अभिप्रायांचा पाऊस पाडला. दोन्ही प्रकार विनोदी आहेत. आकडा आणि जेवण यांची फारकत किती सहज होते ते त्यांतून दिसते.

गंभीर भाग वेगळाच आहे. लुका आणि जॉर्जिओस झर्व्हास यांनी बॉस्टनमधील रेस्टॉरंटांच्या अभिप्रायांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. येल्पच्या गाळणीने सुमारे १६ टक्के अभिप्राय संशयास्पद म्हणून बाजूला काढले होते, आणि ज्यांच्याजवळ अभिप्राय थोडे आहेत किंवा ज्यांना अलीकडे वाईट गुण मिळाले आहेत अशा जागा खोटी स्तुती करवून घेण्याकडे अधिक वळतात, साखळी रेस्टॉरंटे कमी वळतात, असे त्यांना दिसले. म्हणजे ज्याला यादी खाली ढकलते त्यालाच खोटे बोलण्याचा मोह सर्वांत जास्त. बनावटगिरी हे येथे केवळ मूळ कारण नसून क्रमवारीच्या रचनेतून निघालेला परिणामही आहे, आणि त्यात नागवला जातो तो प्रामाणिक नवा मालक: यादी त्याला दाखवत नाही आणि खोटे बोलणारा शेजारी त्याच्या पुढे निघून जातो.

कायद्यांनी आतापर्यंत मुख्यतः खोट्या अभिप्रायांचाच पाठलाग केला आहे. ग्राहकांच्या हिताची राखण करणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेचा खोट्या अभिप्रायांची खरेदी-विक्री रोखणारा नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये लागू झाला, ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून अशा अभिप्रायांवर बंदी आली, आणि भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे ऐच्छिक मानक आणले. हे हवेच होते. पण यादीतला प्रत्येक अभिप्राय खरा निघाला तरी सहा आणि बाराशे यांचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. त्या बाजूचा कायदा तुलनेने कमी चर्चेत असतो. युरोपीय संघाच्या २०१९ च्या एका नियमावलीने मध्यस्थ संकेतस्थळांना क्रमवारी ठरवणारे मुख्य निकष आणि त्यांचे परस्पर महत्त्व व्यवसायांना सांगणे बंधनकारक केले. भारताच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही विक्रेत्यांच्या क्रमवारीचे मुख्य निकष समजावून सांगण्याची तरतूद आहे. व्यवहारात असा खुलासा ‘गुण, अंतर, लोकप्रियता इत्यादी अनेक घटक’ अशा एका वाक्यात, अटी-शर्तींच्या पानावर, कोणी पोहोचणार नाही अशा जागी असतो. नियमाचे अक्षर पाळले जाते आणि जेवणाऱ्याला काही कळत नाही.

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे: सूत्र उघड केले तर लबाड लोक त्याचा फायदा घेतील. या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणून सूत्र मागण्याची गरजही नाही. मागायच्या त्या गोष्टी पडद्यावर दाखवण्याजोग्या आहेत. नव्या जागेपुढे ‘४.६’ असा ठाम आकडा न छापता ‘अभिप्राय अजून थोडे आहेत, मत स्थिर झालेले नाही’ असे स्पष्ट लिहावे. घरपोच सेवेचे गुण आणि बसून जेवण्याचे गुण वेगळे ठेवावेत. मालकी बदलल्याची नोंद झाली की जुने गुण इतिहासजमा करावेत. पैसे देऊन मिळवलेले स्थान त्याच आकाराच्या अक्षरांत तसे सांगावे. करड्या रंगातला बारीक शब्द पुरेसा नाही. आणि यादीतील ठरावीक स्थाने नव्या रेस्टॉरंटांसाठी राखून ठेवावीत. ही शेवटची मागणी दानधर्माची नाही. ज्याच्याविषयी माहिती कमी आहे त्याला अधूनमधून संधी दिली नाही तर आपले ज्ञान आहे तिथेच गोठते, हे संगणकशास्त्राचे जुने सूत्र आहे, आणि कोणत्या जाहिरातीवर लोक जास्त क्लिक करतात हे ठरवताना संकेतस्थळे तेच सूत्र वापरतात. जाहिरातींसाठी जे शक्य आहे ते रेस्टॉरंटांसाठी अशक्य म्हणता येणार नाही.

जेवणाऱ्याला खात्रीची जागा हवी असते, त्याला प्रयोगाचे साधन का करता, असा दुसरा आक्षेप येईल. तो रास्त आहे, विशेषतः ज्याला पाहुण्यांना घेऊन जायचे आहे किंवा ज्याच्याजवळ बाहेर जेवायला महिन्यातून एकदाच पैसे असतात त्याच्या बाबतीत. म्हणूनच निवड त्याच्या हाती द्यावी: ‘खात्रीची जागा’ आणि ‘नवी जागा’ अशा दोन वेगळ्या याद्या, आणि दुसरीत धोका आहे हे उघड सांगणे. आज या दोन गरजा एकाच यादीत मिसळल्या आहेत आणि तिच्यात पहिलीच गरज दर वेळी जिंकते.

अभिप्रायांची संकेतस्थळे आता केवळ मत गोळा करणारी राहिलेली नाहीत, हेही विसरता येत नाही. त्यांपैकी काही स्वतः जेवण पोहोचवतात, त्यावर रेस्टॉरंटांकडून कमिशन घेतात आणि त्याच रेस्टॉरंटांना जाहिरातही विकतात. न्यायनिवाडा करणाऱ्याने पक्षकाराशी व्यापार करावा, अशी ही स्थिती आहे. यातून दर वेळी अन्याय होतोच असे मी म्हणणार नाही. पण क्रमवारी निष्पक्ष असल्याचे सिद्ध करण्याचा भार अशा स्थितीत संकेतस्थळावर पडतो, संशय घेणाऱ्या मालकावर नाही.

राहता राहिला प्रश्न वेळेचा, आणि तो मला सर्वांत सोडवण्याजोगा वाटतो. नामांकित वर्तमानपत्रांच्या समीक्षकांत अशी रीत आहे की नव्या रेस्टॉरंटाला घडी बसायला काही आठवडे द्यायचे, मग एकाहून अधिक वेळा जाऊन जेवायचे, आणि त्यानंतरच लिहायचे. नव्या स्वयंपाकघरात पहिल्या दिवसांत माणसे एकमेकांच्या पायात येत असतात, अंदाज चुकत असतात, पदार्थांची यादी बदलत असते. संकेतस्थळावर मात्र गुण पहिल्या संध्याकाळपासून पडू लागतात, आणि त्या संध्याकाळचा एक तारा तीन वर्षांनंतरही सरासरीत तितक्याच वजनाने बसलेला असू शकतो. पहिल्या काही आठवड्यांचे अभिप्राय वाचायला जरूर ठेवावेत, पण गुणांच्या हिशेबात त्यांचे वजन ठरावीक मुदतीनंतर शून्यावर आणावे. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि कोणतेही गुपित उघडे पडत नाही.